गावची वेस आणि विद्यापीठाचे दार



मराठी माणसाची अब्रू गेली की ती वेशीवर जाते. 'लक्तरे वेशीला टांगली' असे आपण सहज म्हणून जातो. वेशीलाच का बरे? गावात चावडी होती, पार होता, देऊळ होते. पण चावडीवर ज्याचे काम असेल तोच जाणार, देवळात ज्याला जाऊ देतील तोच जाणार. वेशीतून मात्र सकाळ-संध्याकाळ सारा गाव जातो-येतो. गुरे जातात, वरात जाते, पाहुणा येतो, तगाद्याचा शिपाई येतो. तेव्हा गावाला जे दाखवायचे ते वेशीवर दाखवायचे, मग ते तोरण असो की लक्तरे.

आज मला अशा दारांविषयीच बोलायचे आहे. घराच्या दाराविषयी नव्हे. ज्याच्या मागे छप्पर नाही, खोली नाही, तरी जे मोठ्या हौसेने बांधलेले असते, अशा दाराविषयी. वेस म्हणा, कमान म्हणा, महाद्वार म्हणा. आणि बोलता बोलता मला विद्यापीठाच्या एका दारापर्यंत जायचे आहे. ते दार आपल्या बारामती-इंदापुरापासून लांब आहे. पण त्याच्या गोष्टीत आपल्या तालुक्यांचाही धागा आहे, तो पुढे येईलच.

आधी आपल्या जुन्या वेशीची रचना पाहू. दोन बाजूंना दगडी बुरूज किंवा भक्कम खांब, मध्ये कमान, कमानीखाली दोन जाड लाकडी फळ्या. एका फळीत माणूस वाकून जाईल एवढे लहान दार, तीच दिंडी. रात्री मोठे दार बंद झाले की अवेळी आलेल्याने दिंडीतून यायचे. वाकूनच यावे लागते म्हणजे आत येताना मान आधी येते, आणि आतल्या पाहरेकऱ्याला तेवढे पुरे असते! दाराच्या आत दोन्ही अंगांना बसायला कोनाडेवजा ओवऱ्या, त्यांना देवड्या म्हणतात. दाराला आडवा मोठा अडसर, तो भिंतीतल्या खोबणीत सरकवून ठेवायचा.

मोठ्या वाड्याच्या दाराची हीच रचना, फक्त थाट जास्त. पुण्याचा शनिवारवाडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १० जानेवारी १७३० ला थोरल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला. त्याला पाच दरवाजे आहेत, आणि उत्तरेकडच्या मुख्य दरवाजाचे नाव दिल्ली दरवाजा. दार पुण्यात आणि नाव दिल्लीचे! त्याच्या फळ्यांवर लांब अणकुचीदार खिळे आहेत. मुले विचारतात, हे कशाला? हत्तीने डोक्याने धडक देऊन दार फोडू नये म्हणून. दारावर नगारखाना, म्हणजे बंदोबस्तही झाला आणि मिरवणूकही झाली. बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा आहे. कऱ्हेकाठच्या या गावात नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी आयुष्य काढले, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. इतिहास शिकवणाऱ्या गुरुजींना माझी विनंती, की मुलांना वाडा दाखवायला नेलेत तर दारापाशी जरा थांबा. सगळे घाईने आत जातात, आणि खरी हुशारी दारातच खर्च झालेली असते.

कमान उभी कशी राहते, हेही मुलांना जरूर दाखवावे. कमानीतला एकेक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो, वर रुंद, खाली निमुळता. रचताना खालून लाकडी साचा लावतात. अगदी मधला शेवटचा दगड बसला की साचा काढून घेतात. मग प्रत्येक दगड खाली पडू पाहतो आणि शेजारच्याला रेटतो. तो रेटा दोन्ही बाजूंनी खाली आणि बाहेर जातो. बाहेरचा रेटा सहन करायला दोन्ही अंगांना जड बुरूज हवेतच. म्हणून जुन्या वेशीचे बुरूज असे पोटात घास भरल्यासारखे दिसतात, ती नुसती हौस नव्हे. आज गावोगाव सिमेंटच्या स्वागतकमानी झाल्या आहेत. त्यांचे खांब किती बारीक असतात पाहा! त्या दिसतात कमानीसारख्या, पण असतात तुळया. आतल्या लोखंडी सळया सगळा ताण घेतात. मला काही या नव्या कमानींचा राग नाही. पण जुनी वेस पाडून तिच्या जागी नवी कमान उभी करतात तेव्हा आपण काय मोडले आणि काय मांडले, ते माहीत असावे, एवढेच.

आता या वेशीवर बसायचा कोण? वेसकर. आणि वेसकर कोण? गावचा महार. हे काम महारांकडे पाळीने येई. वेसकराच्या हाती घुंगरे लावलेली काठी. गावात नवा माणूस आला, कोण, कुठला, कशासाठी आला, हे त्याने पाटलाला कळवायचे. रात्री गस्त घालायची, सरकारी अंमलदाराची सरबराई करायची, निरोप घेऊन दुसऱ्या गावी धावायचे. मोबदला म्हणजे वतनाची थोडी जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार फिरून गोळा केलेल्या भाकरी. आणि राहायचे कुठे? वेशीच्या बाहेर. गावाच्या दाराची राखण ज्याने करायची, त्याचे घर त्या दाराच्या आत नाही. चोर आला तर प्रथम त्याच्याशी गाठ, आणि सण आला तर तो सर्वांत शेवटी. आपल्या जुन्या गावगाड्याचे पुष्कळजण कौतुक करतात. कौतुक करण्याजोगे त्यात काही होतेही. पण हे एक चित्र डोळ्यांपुढे ठेवून मग कौतुक करावे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. ज्यांनी ते वाचले असेल त्यांना मी अधिक काय सांगू!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतन म्हणजे मान नव्हे, ती बेडी आहे, हे त्यांना आपल्या लोकांना आणि सरकारला पटवायचे होते. ते काम लवकर झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करण्याचा कायदा स्वातंत्र्यानंतर, मुंबई राज्यात १९५८ साली झाला. त्यानंतर वेसकराची काठी खाली ठेवायला कायद्याचा आधार आला.

दार आणि माणूस यांची ही ओढाताण आपल्या भागाला तर वारीमुळे चांगली माहीत असायला हवी. तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामतीला येते, सणसरचा मुक्काम करून बेलवाडीला गोल रिंगण होते, निमगाव केतकीवरून इंदापूर, मग सराटी, आणि पुढे पंढरपूर. तिथे विठोबाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, चोखोबांची समाधी आहे. परंपरा सांगते, की मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. गावकूस बांधताना त्यांचा जीव गेला आणि समाधी मिळाली ती दाराबाहेर. त्यानंतर सहाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले ते हे दार हरिजनांना उघडावे म्हणून. गुरुजी शिक्षक होते हे माझ्या शिक्षक श्रोत्यांना सांगायला नको. त्याच्याही आधी, २ मार्च १९३० पासून, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. मंदिराला चार दरवाजे, चारही बंद करून घेतलेले, आणि चारही दरवाजांसमोर सत्याग्रही बसलेले. तो सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, पण दार उघडले नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे या बंद दारांचा अनुभव होता.

शोभेच्या दाराची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. सांचीच्या स्तूपाला चार दिशांना चार दगडी तोरणे आहेत. त्यांतल्या दक्षिणेच्या तोरणावर एक लेख आहे. सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य, आनंद नावाचा, त्याने हे दान दिले असे तो लेख सांगतो. सातवाहनांची राजधानी आपले पैठण. त्याच तोरणावर आणखी एक लेख आहे, की यातले कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दारावर राजाच्या नावाबरोबर कारागीरही आपले नाव नोंदवतो, याचे मला मोठे अप्रूप वाटते. आज आपल्या कमानींवर देणगीदारांची नावे असतात, उद्घाटकांची तर असतातच. गवंड्याचे नाव मी अजून कुठे वाचलेले नाही. या सांचीच्या तोरणाचा घाट पुढे मुंबईच्या चैत्यभूमीच्या प्रवेशद्वाराला आला.

आता इंदापूरकडून एक वाट काढू. इंदापूरला मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. शिवछत्रपतींचे हे आजोबा. ते इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरेने सांगतात. त्यांचे मूळ ठिकाण वेरूळ, आणि चाकरी निजामशाहीची. त्याच निजामशाहीत मलिक अंबर नावाचा हबशी सरदार वजिरीपर्यंत चढला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस. त्याने वेरुळापासून जवळच खडकी नावाचे शहर वसवले आणि मोगलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून १६१२ साली तिथे भडकल दरवाजा बांधला. या दरवाजातून शत्रू अडवायचा हेतू नव्हता, विजय सांगायचा होता. पुढे खडकीचे औरंगाबाद झाले, औरंगजेबाने तटबंदी घातली, दरवाजे वाढले. बावन्न दरवाजांचे शहर अशी त्याची ख्याती झाली. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, जालना दरवाजा, मकाई दरवाजा! दारापलीकडची वाट जिकडे जाते तिकडचे नाव दाराला. पुण्यातल्या दिल्ली दरवाजाचे कोडे इथे सुटते. २०२३ पासून या शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे.

दारे कशासाठी बांधली आणि त्यांचे झाले काय, याची गंमत कधी कधी फार मोठी असते. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया पंचम जॉर्ज बादशहाच्या स्वागताची आठवण म्हणून. २ डिसेंबर १९११ ला बादशहा उतरले तेव्हा ते बांधलेलेच नव्हते, बांधकाम पुरे झाले १९२४ साली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी त्याच दारातून बाहेर पडून बोटीत चढली.

पुणे विद्यापीठाच्या आवाराचीही अशीच गोष्ट आहे. आमच्या बारामती-इंदापूरची महाविद्यालये त्याच विद्यापीठाला जोडलेली. विद्यापीठ स्थापन झाले १० फेब्रुवारी १९४९ ला, पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर. पण जागा जुनी, गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून या बंगल्यावर रोषणाई आणि मेजवानी होती. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांच्या घरांत सोजीर घालणारा रँड आत होता आणि फाटकाबाहेर दामोदर चाफेकर वाट पाहत होते. रँडची बग्गी फाटकातून बाहेर पडली, दामोदर मागे धावले, आणि पुढे गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. घायाळ झालेला रँड ३ जुलैला मेला. आज त्याच आवारात खेड्यापाड्यांतली मुले पदवीचे कागद घ्यायला जातात, आणि २०१४ पासून विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाई फुल्यांचे. १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा निघाली तेव्हा जिच्यावर शेणाचे गोळे फेकले, तिचे.

सावित्रीबाईंचे नाव दिले तेव्हा गावे पेटली नाहीत. कारण ती किंमत आधी दुसरीकडे देऊन झाली होती. आता मी त्या दाराकडे येतो.

मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला स्थापन झाले २३ ऑगस्ट १९५८ ला. त्याच्या शेजारी नागसेनवन आहे. तिथे बाबासाहेबांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली महाविद्यालय काढले, तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा तेव्हा निजामाच्या अमलातून नुकता सुटलेला, उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नाही. ज्यांच्या घरात कुणी अक्षर पाहिले नव्हते अशी मुले इथे शिकली. तेव्हा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे ही मागणी निघाली, तिला कारण होते.

२७ जुलै १९७८ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, दोन्ही सभागृहांत, नामांतराचा ठराव मंजूर केला. मुख्यमंत्री होते शरद पवार, आपल्या बारामती तालुक्यातल्या काटेवाडीचे, आणि त्यांना त्या पदावर येऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शहरांत मोडतोड झाली ती झालीच, पण खरा मार बसला तो खेड्यांतल्या दलित वस्त्यांना. घरे जाळली, माणसे मारली, लोक रानोमाळ पळाले. विरोध करणारे सगळेच दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. आपल्या प्रदेशाचे नाव पुसले जाते अशी खंत पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटत होती. पण नावाच्या खंतीला शेजाऱ्याची झोपडी जाळून उत्तर मिळते काय? विद्यापीठाची पायरीही ज्यांनी पाहिली नव्हती अशांची घरे विद्यापीठाच्या नावावरून जळाली. तीही वेशीबाहेरचीच घरे होती.

ठराव कागदावर राहिला. मग सोळा वर्षे चळवळ चालली. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या पुढारीपणाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. अखेर १४ जानेवारी १९९४ ला, संक्रांतीच्या दिवशी, नाव बदलले. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच होते. आणि नाव कसे झाले पाहा, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. जुने नाव गेले नाही, नवे पुढे आले. म्हणून सरकारी भाषेत याला नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणतात. चळवळीतली म्हातारी माणसे मात्र नामांतरच म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

ते नाव विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर चढले. त्या दाराला सगळे 'विद्यापीठ गेट' म्हणतात. दर वर्षी १४ जानेवारीला मराठवाड्यातून, विदर्भातून, कुठून कुठून हजारो माणसे तिथे येतात. गाणी होतात, भाषणे होतात, पुस्तकांची दुकाने लागतात. बायाबापड्या लेकरांना कडेवर घेऊन येतात आणि त्या दारापुढे माथा टेकतात. एरवी विद्यापीठाच्या दाराला कोण हो नमस्कार करतो? परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी करीत असेल तर असेल! त्यांतल्या पुष्कळ बाया कधी शाळेत गेलेल्या नाहीत, आत जाऊन त्यांना काही शिकायचेही नाही. आपले लेकरू आत जाईल, एवढे त्यांना पुरे असते.

कुणी सुशिक्षित माणूस म्हणेल, की हा नवा मूर्तिपूजेचा प्रकार झाला, दगडविटांना काय नमस्कार करायचा? मीही शिकवणारा माणूस आहे, ही शंका मला कळते. पण ज्यांच्या पूर्वजांनी दार राखले आणि दाराबाहेर राहिले, ज्यांच्यापुढे नाशिकला चार दारे लागली, त्यांना आपल्या माणसाचे नाव असलेले, आणि दिवसभर उघडे असलेले, एक दार दिसते. ते नमस्कार करणार नाहीत तर काय करतील? मलिक अंबराचा भडकल दरवाजा त्याच शहरात आहे. त्याच्याजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तिथे गर्दी लोटते. गुलामीतून वर आलेल्या माणसाने बांधलेल्या दारापाशीच हा पुतळा उभा राहावा, हा योग कुणी मुद्दाम जुळवला असेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडे आता कारखान्यांना गेट आहेत. गाळपाच्या दिवसांत उसाच्या गाड्या तिथे रांगेने उभ्या असतात. बाहेरून येणाऱ्या उसाला 'गेटकेन' म्हणतात. गावांना कमानी आहेत, शाळांना कमानी आहेत. जुन्या वेशी मात्र हळूहळू चालल्या आहेत. उसाच्या जोडट्रॉल्या आत शिरत नाहीत, रस्ता रुंद करायचा असतो, दगड निखळून कुणाच्या डोक्यात पडण्याची भीती असते. या अडचणी खऱ्या आहेत. सगळ्याच वेशी राखता येणार नाहीत.

तेव्हा गुरुजींना माझे एक काम आहे. तुमच्या गावात वेस उभी असेल, पडकी का असेना, तर एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन तिथे जा. दोरीने कमानीची रुंदी-उंची मोजा. दिंडीची खूण, अडसराची खोबण, देवड्या सापडतात का बघा. लेख असेल तर ओल्या कपड्याने पुसून जसाच्या तसा उतरून घ्या, पण खडूने किंवा खिळ्याने त्यावर काही करू नका. मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, वेस रात्री कोण लावत असे? शेवटचा वेसकर कोण होता? त्याचे घर कुठे होते? त्याच्या घरची माणसे आज गावात असतील तर त्यांच्याकडे स्वतः जाऊन विचारा, त्यांना शाळेत बोलावणे धाडू नका. जे कळेल ते त्या माणसाच्या पूर्ण नावानिशी शाळेच्या वहीत लिहून ठेवा. पाटलांची नावे दप्तरात सापडतात, याचे नाव तुमच्या वहीतच राहील.